कोऱ्या कागदाचा बर्फ: जुन्या स्की-पोस्टरच्या प्रिंटचं परीक्षण

जुन्या स्की-पोस्टरची प्रिंट नळीतून बाहेर काढली की नजर आधी जाते स्कीवाल्याच्या लाल स्वेटरवर, मग निळ्या आभाळावर. प्रिंट चांगली की वाईट हे मात्र तिसऱ्याच जागी ठरतं: बर्फात. आल्प्समधली १९२० आणि १९३० च्या दशकांतली ही पोस्टरं बहुतांशी शिळाछापाची, म्हणजे लिथोची. प्रत्येक रंगाला वेगळा दगड किंवा जस्ताचा पत्रा, आणि एका छापावर दुसरा छाप. पांढऱ्या शाईची गरजच नसायची. बर्फ हवा तिथे चित्रकार कागद मोकळा सोडायचा. त्यामुळे पोस्टरचा मोठा भाग मुळात छापलेलाच नसतो, आणि आज नक्कल करणाऱ्याला नेमकं हे न छापलेलंच छापायचं असतं. बहुतेक जण इथेच घसरतात.

हे परीक्षण फ्रान्सच्या पीएलएम रेल्वेच्या स्की-पोस्टरांच्या प्रिंट्सचं आहे. पीएलएम म्हणजे पॅरिस–लियाँ–मेडिटरेनियन. शामोनी आणि आसपासच्या डोंगरी गावांना जाणाऱ्या गाड्या हिवाळ्यातही भराव्यात म्हणून या कंपनीने पोस्टरं काढली, आणि त्यांतली सगळ्यात जास्त नक्कल होणारी आहेत रोजे ब्रोदेर्स (१८८३–१९५३) याची. सपाट रंग, कमीत कमी रेषा, लांबट अंगाची माणसं. बाजारात त्यांचे साधारण तीन अवतार मिळतात. एक, ५० × ७० सेंमीची ऑफसेट छपाई, चौरस मीटरला १७० ग्रॅम वजनाच्या गुळगुळीत कागदावर. दोन, ६१ × ९१.५ सेंमीची इंकजेट प्रिंट, २०० ग्रॅमच्या मॅट कागदावर. तीन, कापसाच्या ३०८ ग्रॅम कागदावर पिगमेंट शाईची, म्हणजे रंगाचे बारीक कण असलेल्या शाईची प्रिंट, तीही मूळ प्रमाण राखून. निकाल आधीच सांगून टाकतो: तिसरी घ्या, पण दोन अटींवर. दुसरी समास सोडून छापून मिळत असेल तर वाईट नाही. पहिली वसतिगृहाच्या खोलीत लावायला ठीक आहे.

सुरुवात मापापासून, कारण सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही. फ्रेंच रेल्वेच्या पोस्टरांचं नेहमीचं माप ६२ × १०० सेंमी. रुंदीला उंचीने भागलं तर ०.६२. ५० × ७० च्या तयार फ्रेमचं प्रमाण ०.७१. रुंदी ५० धरली तर पूर्ण चित्राला ८०.६ सेंमी उंची लागते. फ्रेममध्ये आहे ७०. म्हणजे साडेदहा सेंमी चित्र कापायचं, आणि ते वरून कापलं तर शिखर जातं, खालून कापलं तर गावाचं नाव. बरेच विक्रेते थोडं वरून, थोडं खालून कापतात. मग खालची अक्षरं फ्रेमच्या पट्टीला चिकटून बसतात आणि चित्राला श्वास घ्यायला जागा उरत नाही. ६१ × ९१.५ मध्ये हेच नुकसान सात सेंमीवर येतं. तेवढंही पुष्कळ आहे.

कापण्यापेक्षा वाईट म्हणजे दाबणं. ५० × ७० च्या प्रिंटमध्ये चारही बाजूंची मूळ किनार, वरचं आभाळ आणि खालचा सगळा मजकूर व्यवस्थित दिसत असेल आणि समास मात्र कुठेच सोडलेला नसेल, तर आनंदून जाऊ नका. चित्र उंचीत दाबलेलं आहे, आणि त्यात स्कीवाला पंधरा टक्क्यांनी जाडा झालेला आहे. ब्रोदेर्सच्या सडपातळ माणसांवर हा अन्याय लगेच जाणवतो, फक्त शेजारी मूळ चित्र ठेवून पाहावं लागतं.

यावर उपाय सोपा आहे: चित्र छोटं करून घ्या, कागद मोठा ठेवा. ५० × ७० च्या कागदावर ३७.२ × ६० सेंमीचं चित्र छापून घेतलं तर दोन्ही बाजूंना ६.४ आणि वर-खाली ५ सेंमी कोरा समास राहतो. ६१ × ९१.५ च्या कागदावर ५१.८ × ८३.५ चं चित्र बसतं, बाजूंना ४.६, वर-खाली ४. चित्र अर्धा सेंमी वर सरकवून खालचा समास थोडा जास्त ठेवला तर डोळ्याला बरं वाटतं. समास असेल तरच फ्रेमच्या खाचेत जाणारे पाच-सहा मिलिमीटर चित्राचे न जाता कागदाचे जातात. ही पहिली अट.

स्विस पोस्टरांत मात्र नीट पाहून घ्यावं लागतं. तिकडचं ‘वेल्टफॉर्माट’ हे माप ९०.५ × १२८ सेंमी, आणि त्याचं प्रमाण ए-मालिकेच्या कागदाशी तंतोतंत जुळतं. म्हणून एमिल कार्डिनॉने १९०८ मध्ये केलेल्या मॅटरहॉर्न शिखराच्या पोस्टरसारखं काही ए२ किंवा ए१ वर घेणार असाल, तर आधी मूळ माप विचारा. वेल्टफॉर्माट असेल तर काहीच कापावं लागत नाही. पण स्विस पोस्टरं ६४ × १०२ या मापातही भरपूर निघाली, आणि त्यांना वरचंच फ्रेंच गणित लागू होतं.

आता बर्फ. मूळ पोस्टरचा कागद इतक्या वर्षांत पिवळटला आहे. त्याचं स्कॅन केलं की संगणकाला तो पिवळेपणा रंग म्हणूनच दिसतो. पुढे दोनच वाटा. पहिल्या वाटेने जाणारा काहीच करत नाही. फाइल आहे तशी पांढऱ्याशुभ्र कागदावर छापतो. मग बर्फावर पिवळ्या आणि मॅजेंटा, म्हणजे गडद गुलाबी शाईचा पातळ थर बसतो. दुसरा सगळं पुसून बर्फ दुधासारखा पांढरा करतो. त्या भरात निळ्या सावल्यांच्या कडा करकरीत होतात आणि उतार प्लास्टिकचा वाटायला लागतो.

पहिली चूक ओळखायची असेल तर चित्राची किनार आणि कागदाचा समास जिथे भेटतात तिथे बघा. प्रिंट खिडकीपाशी न्या, कोपरा डोळ्यांजवळ धरा. आत सायीच्या रंगाचा बर्फ, बाहेर निळसर पांढरा कागद, आणि मध्ये सुरीने आखल्यासारखी रेघ. दहापट भिंगातून पाहिलं तर आतल्या बर्फावर बारीक पिवळे-गुलाबी ठिपके पसरलेले दिसतात. जिथे कोरा कागद असायला हवा तिथे शाई आहे. ऑफसेटमध्ये हे ठिपके ओळीने, फुलाच्या आकारात बसलेले असतात. इंकजेटमध्ये तुषार उडाल्यासारखे विस्कळीत. लांबून दोन्हींचा परिणाम एकच, बर्फ मळका दिसतो. वर आणखी एक त्रास: अशा पातळ थराचा रंग दिव्याप्रमाणे बदलतो. दिवसा साय, रात्री एखाद्या स्वस्त एलईडीखाली तोच बर्फ गुलाबी किंवा हिरवट.

चांगला छापणारा तिसरी वाट धरतो. फाइलमधून पिवळेपणा काढून टाकतो आणि कागदच मुळात किंचित उबदार पांढरा घेतो, ज्यात चमक आणणारी रसायनं नाहीत. मग बर्फावर शाई पडतच नाही. चित्रातला बर्फ आणि समास हा एकच कागद असतो, अगदी मूळ पोस्टरसारखा. तिसऱ्या अवतारातल्या चांगल्या प्रिंट्स अशाच असतात. पण सगळ्या नाही! कापसाचा कागद घेतला म्हणजे हे काम आपोआप होतं असं नाही, आणि महागड्या कागदावर मळका बर्फ छापणारेही आहेत. म्हणून दुसरी अट: मागवण्याआधी समासासकट एका कोपऱ्याचा जवळून काढलेला फोटो मागा. द्यायला कां-कूं करणाऱ्याकडून घेऊ नका.

कागदात चमक आणणारी रसायनं आहेत का, हे तपासायला हातातली छोटी अतिनील टॉर्च पुरते. अंधारात प्रिंटवर मारली आणि कागद निळा पेटला, तर आहेत. असा कागद आज फार पांढरा दिसतो, पण ती रसायनं वर्षांगणिक मरतात आणि कागद हळूहळू पिवळट पडतो. तोही एकसारखा नाही. फ्रेमच्या पट्टीखाली झाकलेली कड निराळी, उघडा भाग निराळा. याच टॉर्चचा आणखी एक उपयोग: ही रसायनं कागदात सर्रास आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. ‘१९३० चं अस्सल’ म्हणून कोणी पोस्टर दाखवत असेल आणि कागद निळा चमकत असेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

बर्फानंतर सावल्या. उतारावरच्या फिकट निळ्या सावलीसाठी लिथोमध्ये एक वेगळी शाई घोटली जायची आणि ती सलग, सपाट बसायची. चार शायांच्या ऑफसेटमध्ये फिकट निळी शाईच नसते. सायनचे लहान ठिपके दूर दूर टाकून फिकटपणाचा भास करावा लागतो. त्यामुळे हातभर अंतरावरून सावली रवाळ दिसते. फोटो छापणाऱ्या चांगल्या इंकजेट यंत्रात फिकट सायन आणि फिकट मॅजेंटा या वेगळ्या शाया असतात, म्हणून तीच सावली सलग येते. दुसऱ्या आणि पहिल्या अवतारातला खरा फरक हाच. कागदाच्या जाडीचं कौतुक नंतर. भडक नारिंगी आणि जांभळसर निळा हे चार शायांच्या आवाक्याबाहेरचे रंग. सूर्यास्ताची शिखरं असलेल्या पोस्टरात ऑफसेटचं नारिंगी विटकरीकडे झुकतं. ज्या यंत्रात नारिंगी आणि जांभळ्या शाईच्या स्वतंत्र नळ्या आहेत, तिथे ते सांभाळलं जातं.

मोठ्या सपाट आभाळात आडव्या पट्ट्या दिसल्या तर दोष यंत्राचा: छपाईच्या डोक्यातली काही छिद्रं बुजलेली आहेत किंवा कागद पुढे सरकवण्याचं माप चुकलंय. अशी प्रिंट परत करायची. गडद भागात टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके असतील, तर छापताना कागदावर धूळ होती आणि ती नंतर झडली. एक-दोन असतील तर जुळत्या रंगाच्या जलरंगी पेन्सिलीच्या टोकाने मिटवता येतात. लाल स्वेटरवर अर्धा डझन असतील तर तीही परत.

फाइलचा प्रश्न वेगळाच. कागद, शाई सगळं उत्तम असूनही प्रिंट मेलेली वाटते, कारण ती एखाद्या पुस्तकातल्या छोट्या चित्रावरून फुगवलेली असते. गणित असं: ६२ × १०० सेंमीच्या पूर्ण आकाराला इंचाला २०० पिक्सेल धरले तरी साधारण ४,९०० × ७,९०० पिक्सेलची फाइल लागते, ३०० धरले तर ७,३०० × ११,८००. वर सांगितलेल्या ३७.२ × ६० च्या चित्राला ३०० ने ४,४०० × ७,१०० पुरतात. दोन मीटरवरून पाहायच्या चित्राला १५०–२०० चालतात, हे खरं आहे. पण पोस्टर जवळ जाऊन वाचलंही जातं, आणि अक्षरांच्या कडा खोटं बोलत नाहीत.

सध्या कमी पिक्सेलची फाइल संगणकाकडून ‘सुधारून’ मोठी करण्याची टूम आहे. लिथोच्या दगडावर तेलकट खडूने काढलेल्या भागाला एक दाणा असतो. धुकं, दूरची झाडं, ढगाची कड इथे तो दिसतो. संगणक त्याला कचरा समजून गुळगुळीत करतो किंवा त्याच्या जागी अळ्यांसारखी नक्षी भरतो. पकडायची जागा खालच्या किनारीत आहे. तिथे छापखान्याचं नाव अगदी बारीक अक्षरांत असतं. ब्रोदेर्सच्या पुष्कळ पोस्टरांवर पॅरिसच्या ल्युसिएँ सेर या छापखान्याचं. ते नाव वाचता येत असेल तर फाइल बरी आहे. अक्षरांच्या जागी अक्षरांसारखे दिसणारे गोळे असतील, तर वरचं सगळं चित्रही त्याच मापाने रचलेलं आहे असं समजा. आणि ती ओळ कापूनच टाकली असेल, तर का कापली हे विचारायला हरकत नाही.

पुस्तकावरून स्कॅन केलं असेल तर पुस्तकाच्या छपाईतले ठिपके आणि नव्या छपाईचे ठिपके एकमेकांत गुंततात आणि आभाळात रेशमी कापडासारख्या लाटा दिसतात. तो दोष कोणत्याही कागदाने लपत नाही. ब्रोदेर्स १९५३ मध्ये वारला. फ्रान्समध्ये चित्रकाराचे हक्क, म्हणजे कॉपीराइट, मृत्यूनंतर सत्तर वर्षं टिकतात, म्हणजे २०२४ च्या सुरुवातीपासून त्याची पोस्टरं तिथे कोणालाही छापता येतात. त्यामुळे एकच मध्यम दर्जाची फाइल अनेकांच्या दुकानात वेगवेगळ्या नावांनी फिरू शकते. नाव बदललं तरी डाग तेच राहतात. दोन दुकानांच्या फोटोंत कोपऱ्यातला डाग त्याच जागी असेल, तर फाइलही तीच. हर्बर्ट मॅटरची १९३० च्या दशकातली स्विस पर्यटनाची फोटो जोडून केलेली पोस्टरं मात्र अजून हक्काखाली आहेत, कारण तो १९८४ पर्यंत होता. ती स्वस्तात, परवानगीचा उल्लेख नसताना मिळत असतील तर कारण उघड आहे.

डागांचं आणि घड्यांचं काय करायचं यावर मतभेद आहेत. कडेचा हलका पिवळेपणा राहू द्यावा, शेजारी फ्रेंच कराचा शिक्का असेल तर तोही जरूर राहू द्यावा. पण घडीची रेघ छापणं हा विनोद आहे. खरी घडी उजेडात सावली टाकते. छापलेली घडी कोणत्याही उजेडात तशीच, चपटी. काही मूळ पोस्टरं जतन करताना मागून कापड चिकटवलेलं असतं, आणि स्कॅन निष्काळजीपणे केलं तर त्या कापडाची वीण बर्फात उतरते. मग तो बर्फ वाटत नाही, टेबलावरचं कापड वाटतं.

एक वेगळी जमात आहे ती ‘जुन्या धाटणीच्या’ नव्या चित्रांची. ती घ्यायला काहीच हरकत नाही, फक्त जुनी म्हणून घेऊ नयेत. ओळखायला स्कीचा इतिहास कामी येतो. पीएलएम १९३८ च्या सुरुवातीला राष्ट्रीय रेल्वेत विलीन झाली, तेव्हा पीएलएमचं नाव आणि १९४५ साल एकत्र दिसलं तर काहीतरी चुकलंय. उतारावर खुर्च्यांची लिफ्ट लटकत असेल आणि साल १९२५ लिहिलं असेल, तर तेही खोटं. पहिली खुर्ची-लिफ्ट अमेरिकेत सन व्हॅलीला १९३६ मध्ये सुरू झाली, आणि दाव्होसची स्कीवाल्यांना ओढत नेणारी लिफ्टसुद्धा १९३४ ची. बूट प्लास्टिकचे असतील तर चित्र १९६० च्या अलीकडचं. स्की टोकांना रुंद आणि कमरेत बारीक असेल तर ती थेट १९९० च्या दशकातली. १९३० च्या स्की लाकडाच्या, बऱ्याच लांब आणि जवळपास सरळ. बूट चामड्याचे, काठ्यांच्या खाली मोठी गोल चकती.

कागदाच्या जाडीबद्दल विक्रेते फार बोलतात. मूळ पोस्टर स्टेशनाच्या भिंतीवर खळीने चिकटवायचं असल्याने पातळच कागदावर छापलेलं असायचं. ३०८ ग्रॅमला ‘अस्सलपणाशी’ काही देणंघेणं नाही. जाड कागदाचा फायदा इतकाच की तो फ्रेममध्ये सपाट राहतो. १७० ग्रॅमचा कागद दमट हवेत फुगतो आणि काचेमागे लाटा येतात. बर्फाच्या मोठ्या कोऱ्या भागावर त्या बाजूच्या उजेडात ठळक दिसतात. चकचकीत कागद, वरून लॅमिनेशन, कॅनव्हास हे तिन्ही या चित्रांना मारक. कॅनव्हासची वीण सपाट रंग मोडते आणि चौकटीवर गुंडाळताना कडेचे तीन-चार सेंमी मागे जातात, म्हणजे पुन्हा मजकूर गेला.

प्रिंट नळीत येते. जाड कागदासाठी नळीचा व्यास निदान आठ सेंमी हवा. बारीक नळीत कापसाचा कागद इतका वळतो की सरळ व्हायला तयार नसतो. बाहेर काढल्यावर उलट गुंडाळू नका, मॅट थराला बारीक भेगा पडतात. स्वच्छ टेबलावर चित्र वर करून पसरवा, वर कोरा कागद, त्यावर सपाट फळी आणि पुस्तकं, आणि एक-दोन दिवस विसरून जा. उचलताना दोन्ही हातांनी, समोरासमोरच्या कडांना धरून. एका हाताने कोपरा धरून उचललं की अंगठ्याजवळ चंद्रकोरीसारखी मोड पडते आणि ती जात नाही. मॅट शाईवर बोट घासलं की तिथे कायमचा चकचकीत डाग. गडद निळ्यावर सगळ्यात वाईट दिसतो. पुसण्याचा मोह टाळा, मऊ ब्रशने धूळ झटकली तरी पुरे.

फ्रेमवाल्याला पुढच्या गोष्टी बजावून सांगाव्या लागतात, नाहीतर तो सवयीने दुतर्फी चिकटपट्टी लावून प्रिंट पुठ्ठ्यावर डकवतो. प्रिंट फक्त वरच्या कडेला, दोन ठिकाणी, पातळ जपानी कागदाच्या पट्ट्यांनी आणि गव्हाच्या खळीने टांगायची. खालची बाजू मोकळी. कागद हवेप्रमाणे फुगतो-आकसतो, त्याला हलायला जागा लागते. चारही बाजूंनी डकवला की पहिल्याच पावसाळी हवेत तो मधून फुगणार. माउंट बोर्ड, म्हणजे मध्ये खिडकी कापलेला चित्राभोवतीचा पुठ्ठा, आणि पाठीचा पुठ्ठा आम्लमुक्त असावा, नाहीतर काही वर्षांत खिडकीच्या कडेने तपकिरी रेघ उमटते, आणि ती नेमकी कोऱ्या समासावर. माउंट नको असेल तर काच आणि प्रिंट यांच्यामध्ये पट्टीच्या आतून चार-पाच मिमीचे आधार घालून घ्या. काचेला टेकलेली प्रिंट दमटपणात तिला चिकटते, आणि सोडवताना शाई काचेवर राहते. छापल्यावर निदान चोवीस तास वाळल्याशिवाय फ्रेम बंद करू नये. शाईतले उडणारे घटक काचेच्या आतून धुक्यासारखे बसतात.

काच की ॲक्रिलिक? समास धरून ७० × १०८ सेंमीच्या फ्रेमला दोन मिमीची काच साधारण ३.८ किलोची होते, तेवढंच ॲक्रिलिक १.८ किलोचं. या आकाराला ॲक्रिलिक बरं, अतिनील किरण अडवणारं मिळालं तर उत्तम. मात्र ते धूळ ओढतं, त्यावर ओरखडे लवकर पडतात आणि अमोनियाच्या फवाऱ्याने ते धुरकट होतं; नुसतं ओलसर मऊ कापड वापरा. मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबरी टिकल्या लावल्या की भिंत आणि फ्रेम यांच्यामध्ये हवा खेळते.

जागा निवडताना थेट ऊन टाळा. पिगमेंट शाई डाय शाईपेक्षा, म्हणजे विरघळलेल्या रंगाच्या शाईपेक्षा, कितीतरी जास्त टिकते, पण ती अमर नाही. संग्रहालयं कागदावरच्या नाजूक चित्रांना साधारण ५० लक्सच उजेड देतात. घरात इतका अंधार कोणी ठेवणार नाही, तेव्हा निदान दक्षिणेची किंवा पश्चिमेची उघडी खिडकी समोर नसावी. दिवा २,७०० केल्विनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा असेल तर बर्फ लोण्यासारखा दिसतो आणि निळ्या सावल्या राखाडी पडतात. या एका चित्रापुरता ३,५०० ते ४,००० केल्विनचा, रंग नीट दाखवणारा, म्हणजे सीआरआय ९० च्या वरचा दिवा लावा. दिवा बदलल्यावर प्रिंट पुन्हा एकदा बघा. परत करायची ठरवलेली मध्यम दर्जाची प्रिंट कधी कधी त्या उजेडात ठेवून घ्यावीशी वाटते. कापलेलं शिखर आणि दाबलेला स्कीवाला मात्र कोणत्याच दिव्याखाली सुधारत नाहीत.

तिसरा अवतार घेतला तर मागच्या बाजूला कडेला पेन्सिलीने कागदाचं नाव, शाईचा प्रकार आणि छापल्याची तारीख लिहून मागा. बॉलपेन नको, ते पुढे उमटतं. आणि त्याच कागदाचा एक रिकामा तुकडा सोबत पाठवायला सांगा. त्यावर टॉर्च, ओलं बोट, खळी, सगळं आधी करून बघता येतं.